बघून लिहिणारे मुलाणी गुरुजी

खालच्या गावच्या तात्या सरपंचानं आमच्या टेपाच्या वाडीला फसवलं. एक्क्याऐंशीच्या जनगणनेत फसवलं, भर दिवसा फसवलं, आणि आमचीच माणसं मोजून फसवलं. हे मी आधीच सांगून टाकतो. मी व्यापारी माणूस आहे. भाव आधी सांगतो, गप्पा नंतर मारतो. ज्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे ते मुलाणी गुरुजी असते तर त्यांनी पहिलंच वाक्य खोडायला लावलं असतं. "सोपानशेठ, फसवलं हा शब्द शेवटी ठेवा. आधीच वापरला तर पुढं काय वापराल?" असं म्हणाले असते. गुरुजी गेल्या वर्षी गेले. तेव्हा वाक्य राहू दे.

टेपाची वाडी पौडच्या पश्चिमेला, एसटी सोडते तिथून डोंगराकडं चांगलं तासभर चालायचं. मधे ओढा. एरवी त्यात म्हशी बसतात, पण पावसाचे चार महिने तो कुणाला ओलांडू देत नाही. खालचं गाव ओढ्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून. ग्रामपंचायत दोघांची मिळून एक. कचेरी त्यांच्याकडं, शिक्का त्यांच्याकडं, सरपंच कायम त्यांचा. आमचा एकच पंच, तोही सभेला दाराशी बसणारा, म्हणजे उठून जायला सोपं. वाडीला पाहिजे होता ओढ्यावर एक साकव, माणूस आणि पोर पायी जाईल एवढा पूल. आणि साकव पाहिजे तर आधी स्वतःची ग्रामपंचायत पाहिजे, हे आम्ही बरीच वर्षं अर्ज करून शिकलो होतो. वेगळी पंचायत मागितली की उत्तर यायचं, तुमची लोकसंख्या भरत नाही. म्हणजे सगळं येऊन अडायचं ते डोक्यांवर. जितकी डोकी तितके पंच, तितका पैसा.

मी तेव्हा वाडीवाडीतून हिरडा गोळा करून पुण्याला घालत होतो. पुढं रस्त्यावर भाताची गिरणी टाकली, शेजारी दुकान. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं शिक्षण बाजारात.

गुरुजींना पहिल्यांदा पाहिलं ते ओढ्यात. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल असेल. गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला एक उंच, किडकिडीत माणूस पाण्यातून येत होता, आणि त्याच्या गळ्यात नाडीला नाडी बांधून काळे बूट लटकत होते. मला वाटलं बूट विकणारा आहे. पलीकडं येऊन त्यांनी दगडावर बसून पाय पुसले, बुटांवर फुंकर मारली, ते घातले आणि मग मला नमस्कार केला. "मी नवा मास्तर. बाबालाल मुलाणी. शाळा कुठंय?"

मी म्हटलं, बूट आता कशाला, पुढं सगळा चढ आहे.

"चढ चालायला नाहीत हे. वर्गात जायला आहेत."

ते तसंच राहिलं. पौडच्या बाजारपेठेतल्या आपल्या घरापासून वाडीच्या वेशीपर्यंत गुरुजी अनवाणी यायचे, आणि वेशीवरच्या उंबराखाली बूट चढवायचे. करंजाचं तेल लावून ते इतके जपले होते की एक जोड किती वर्षं चालला हे मला माहीत असूनही सांगणार नाही, कारण कुणी विश्वास ठेवणार नाही.

शाळेला इमारत नव्हती. मुलं मारुतीच्या देवळात बसायची. गुरुजी बाहेरच्या पायरीवर बसायचे आणि तिथून शिकवायचे. वाडीतल्या जुन्या लोकांनी बरेचदा सांगितलं की गुरुजी, आत बसा, देवाला काही वाटत नाही. गुरुजी म्हणायचे, "देवाला वाटत नाही हे मला ठाऊक आहे. पण इथून मला फळा पण दिसतो आणि वाट पण दिसते. कोण उशिरा येतं ते आत बसून कसं कळणार?"

हजेरी घ्यायची त्यांची एक तऱ्हा होती. नावं वाचायचीच नाहीत. पायरीवर बसले की पहिला प्रश्न, "आज कोण नाही ते सांगा." मग सगळी पोरं एका सुरात, हौसा न्हाई, तिची म्हस व्यालीया, बबन न्हाई, आज्यानं नेलाय. हजर असतात ते दिसतातच, नसतात त्यांची चौकशी करायची, असा त्यांचा हिशेब. त्यामुळं वाडीतलं कुठलं घर कधी रिकामं पडलं, कोण कुठं मजुरीला गेलं, हे त्यांना आमच्या पंचापेक्षा आधी कळायचं.

एका गोष्टीवरून मात्र माझं त्यांच्याशी कधी जमलं नाही. गुरुजी घासाघीस करायचे नाहीत. एकदा धनगराकडून घोंगडी घ्यायला गेले, मी बरोबर होतो. धनगरानं भाव सांगितला तो अर्थात दुप्पट. निम्म्यावर येऊ हे त्यानं गृहीतच धरलेलं. मी तोंड उघडायच्या आत गुरुजींनी सांगितले तेवढे पैसे त्याच्या हातावर ठेवले. धनगर बिचारा हादरला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीशी कोंबडी घेऊन उभा. म्हणाला, मास्तर, हे धरा, मला जेवान जाईना. मी गुरुजींना रस्ताभर फैलावर घेतलं होतं, की तुम्ही बाजार बिघडवता. तर म्हणाले, "त्यानं किंमत सांगितली. त्याला खोटं पाडायला मी कोण?" याचा परिणाम असा झाला की गुरुजींना भाव सांगताना वाडीतली माणसं घाम पुसायला लागली. खरा भाव सांगावा लागायचा. मी हुशारी केली. त्यांना कधी भावच सांगितला नाही, म्हटलं तुम्हाला वाटेल ते द्या. तर ते जास्त द्यायचे. आता अशा माणसाचं काय करायचं?

त्यांचं सगळंच गोड होतं असं नाही. अक्षराचा गर्व होता. खालच्या गावच्या पाट्यांवर खडूनं दुरुस्त्या करायचे, त्यावरून दोनदा भांडण झालं. आमचं पोर कुस्तीत हरलं तर दोन दिवस बोलायचे नाहीत. भजनात त्यांना ओढलं की सूर सोडून ओरडायचे. आणि चहा इतका प्यायचे की मास्तरीणबाई, म्हणजे त्यांच्या बायको, मला म्हणाल्या होत्या, "ह्यांना घरात किती माणसं हायेत इचारा, एक कमीच सांगत्याल. स्वतःला धरीत न्हाईत. चहाला मात्र दोन धरत्यात."

जनगणना आली तेव्हा वाडी आणि वरचा धनगरपाडा मोजायचं काम गुरुजींकडं आलं. मास्तरांनाच ते काम द्यायचे. मला इतका आनंद झाला की मी गिरणी बंद ठेवून देवळात गेलो. आपला माणूस मोजणार. या खेपेला आकडा भरणार. वाडीचं एक निराळं दुखणं होतं ना. भात झोडून झालं की माघात वाडीतली निम्मी घरं कुलूप लावून खाली जायची. खालच्या गावच्या नदीकाठी तात्या सरपंचाच्या विटांच्या भट्ट्या. बायकापोरांसकट तिथं खोपी घालून राहायचं ते थेट वैशाख लागेपर्यंत. आणि जनगणना नेमकी त्याच दिवसांत.

मी गुरुजींना म्हटलं, भट्टीवरची सगळी माणसं तुम्हाला तोंडपाठ आहेत. लिहून टाका.

"दिसली तर लिहीन."

मला राग पटकन येतो. म्हटलं, ती काय मेलीत का?

"मेली नाहीत. इथं नाहीत." त्यांनी बुटाची नाडी बांधली. "मी ऐकून लिहीत नाही शेठ, बघून लिहितो. ऐकून लिहायला लागलो तर उद्या खालचा मास्तर पण ऐकूनच लिहील. मग मोजणी कशाला, बोली लावू."

मी शिव्या घालत उठलो. चार पावलं गेलो तेव्हा मागून म्हणाले, "नियम पुरता ऐकून जा. ज्याचं घर इथं आहे, तो मोजणीच्या दिवसांत एक रात्र जरी त्या घरी झोपला, तरी तो इथलाच धरायचा. हा नियम आहे, माझी मेहेरबानी नाही."

एक रात्र. मी परत येऊन पायरीवर बसलो. पण ती एक रात्र आणायची कशी? तात्या भट्टीवरचा माणूस हलू देत नसे. उचल दिलेली असायची. देवाचं बकरं तेव्हा करावं म्हटलं, त्याला सगळी वाडी घरी येते, तर जुनी माणसं म्हणाली, देवाची तिथी चैत्रात आहे, सरकार सांगतंय म्हणून देव आधी उठणार नाही.

वाट सापडली ती ठकूआजीच्या अंगणात.

मोजायला गुरुजी कुठल्याही घरी गेले की सगळ्यांना बाहेर उभं करायचे. खिशातला कंगवा काढून पोरांचे केस विंचरायचे आणि मग लिहायचे. ठकूआजीकडं मात्र अडलं. म्हातारी तांदूळ मापायची तेव्हासुद्धा पहिल्या मापाला एक म्हणायची नाही, लाभ म्हणायची. ती नातवंडं मोजू देणार होय?

"लेकरं मोजत्यात व्हय मास्तर? दानं हायेत का ती? दिष्ट लागती."

गुरुजी खाली जोत्यावर बसले. "तुम्ही मोजू नका आजी. नावं सांगा नुसती. मोजायचं जे काय पाप असेल ते माझ्या डोक्यावर."

"तुमच्या डोक्याव का? तुमाला बी लेकरं हायेत."

शेवटी तोड तिनंच काढली. नातवंडांना अंगणात उभं केलं आणि म्हणाली, मी आत जाते, तुमी तुमचं काय ते उरका, मला दिसाय नगं. गुरुजींनी केस विंचरले, नावं लिहिली. तेवढ्यात आतून रडणं ऐकू आलं.

"आजी, आत कोण रडतंय?"

"कोन न्हाई."

"कोण नाही ते एवढ्या मोठ्यानं रडतं?"

म्हातारी दारात आली. नातसून बाळंत झाली होती, महिना उलटून गेला होता. "त्याला नाव न्हाई अजून. नाव न्हाई ते कसं लिवनार? बारसं न्हाई झालं त्याचं. आत्या ठेवती नाव, आनि आत्या भट्टीव हाय. हौसा, तुमच्याच शाळंतली. तात्या सोडंना."

गुरुजींनी बाळ बाहेर आणायला लावलं, बघितलं, लिहिलं. नाव नसलं तरी माणूस लिहिता येतो म्हणाले. पण पेन्सिल खिशात ठेवताना माझ्याकडं बघून हसले. त्यांचे दात पुढं होते, हसले की सगळा माणूस हसायचा. "सोपानशेठ, बारशाची तिथी देवाच्या हातात नसते ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भट्टीवर गेलो. गुरुजी मला म्हणाले, बोलणं तुमचं, मी नुसता बसतो. तात्या सरपंच कडुलिंबाखाली बाजेवर पसरला होता. तात्या माझ्याच वयाचा. आम्ही एकमेकांचे गिऱ्हाईक, एकमेकांना ओळखून असलेले. मी बारशाचं आमंत्रण दिलं. म्हटलं, वाडीतली सगळी माणसं एका संध्याकाळपुरती वर पाठवा.

"आत्याला न्या. एक आत्या सोडतो."

मी म्हटलं, पाळण्याभोवती बाया लागतात. आमची एकच भावकी, सगळ्या चुलत्या.

"बाया न्या चार. गडी कशापायी?"

चुलते नकोत का, म्हटलं. पोराचे मामा येणार, त्यांच्यासमोर बापाकडचं कुणी नको?

"मामांफुडं ठकूआजीला बसवा. ती एकली बास हाय." भोवतालची माणसं हसली. मी एक पाऊल मागं घेतलं, दोन पुढं टाकली. त्याचं भात माझ्या गिरणीवर येतं याची आठवण दिली. त्यानं गिरणी पौडलाही आहे याची आठवण दिली. सौदा बायांवर येऊन थांबला होता आणि माझं डोकं तापायला लागलं होतं.

तेव्हा गुरुजी बोलले. आवाज अगदी वर्गातला. "सरपंच, तुमचं बारसं झालं, तेव्हा तुमच्या चुलत्यांनी कुणाची परवानगी काढली होती?"

हौसा विटांची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. तात्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. मग एकदम हात झटकून म्हणाला, "न्या. सगळी न्या. उद्या दिस उगवायला भट्टीव पायजेत." आणि हसला.

एवढं घासल्यावर समोरचा एकदम सगळंच देतो, तेव्हा माल त्यानं आधीच दुसरीकडं विकलेला असतो. माझ्या धंद्यातली ही पहिली खूण. पण हौसानं पाटी खाली टाकली आणि वाडीच्या दिशेनं धावतच सुटली, तेव्हा खुणा कोण बघतो?

ती संध्याकाळ मला अजून दिसते. गुरुजी ओढ्याच्या कडेला दगडावर बसले होते, बूट घालून, कारण हे वर्गाचंच काम. विटांच्या धुळीनं लाल झालेली माणसं पाण्यातून येत होती. कडेवर पोरं, डोक्यावर बोचकी, कुणी कोंबडी बगलेत मारलेली. गुरुजी प्रत्येकाला नावानं हाक मारत होते आणि पोरांना थांबवून कंगवा फिरवत होते. हौसानं कानात कुर्र करून भाच्याचं नाव भैरू ठेवलं. ठकूआजीनं तांदूळ मापला, लाभपासून. महिना-महिना बंद असलेल्या घरांत चुली पेटल्या. गुरुजी त्या रात्री देवळाच्या पायरीवर घोंगडी पसरून झोपले, ती दुप्पट भावाचीच, आणि उजाडायच्या आत घरोघर जाऊन निजलेली माणसं उठताना बघून आले. वाडी भरली होती. मोजून नव्हे, नुसत्या नजरेनं कळत होतं.

पंधरवड्यानं गुरुजींना खालच्या गावच्या चावडीवर बोलावणं आलं. वरून एक साहेब आला होता. मी पायरीवर बसलो, आतलं सगळं ऐकू येत होतं. साहेब वाईट बोलला नाही, हेही सांगतो. म्हणाला, गुरुजी, तुमच्याकडची बरीच नावं खालच्या मोजणीतही आहेत. भट्टीवरच्या माणसांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, आम्ही इथलेच. एकच माणूस दोन गावांत कसा मोजायचा? तुमची नावं खोडून सही करा.

गुरुजी म्हणाले, "ते घरी आले होते. मी बघितलंय."

साहेब म्हणाला, तिकडच्यानंही बघितलंय.

"त्यानं भट्टीवर बघितलंय. मी घरात बघितलंय. घरातलं मोजायचं असं तुम्हीच शिकवलंत."

तात्या तिथंच बसून चहा पीत होता. साहेबानं त्याच्याकडं बघितलं. तात्यानं खांदे उडवल्याचं मला दारातून दिसलं. साहेब म्हणाला, गुरुजी, वेळ नाही, सही करा.

"मी बघून लिहिलंय साहेब. न बघता खोडायचं असेल तर तुम्ही खोडा, आणि सही तुमची करा."

आणि त्यानं खोडलं. लेखणीचा आवाज मी ऐकला. तो लांबलचक होता.

गुरुजी बाहेर आले तेव्हा मी तात्याच्या अंगावर जायला निघालो होतो. त्यांनी माझा दंड धरला. किडकिडीत माणूस, पण पकड पैलवानाची. "चहा पाजा," म्हणाले. हॉटेलात बसून त्यांनी एकामागून एक कप रिचवले आणि मग म्हणाले, "त्यांनी कागद खोडला. मी बघितलेलं कसं खोडतील?" आणि खरंच, त्या माणसाची झोप उडाली नाही. माझी उडाली.

भट्टीवर जाऊन मी हौसाला विचारलं, तुम्ही इथले असं का सांगितलंत? ती म्हणाली, "तात्या म्हनला, मानूस येनारंय, इचारल. हितलं हाय म्हनलं तर हितल्या दुकानात राकेल मिळंल. वाडीचं म्हनलं तर न्हाई." त्या वर्षी रॉकेलची ओरड होती. खोपीत दिवा पाहिजे, पोरं लहान. म्हणून सगळी भट्टी म्हणाली, आमी हितलंच. मी चिडलो तर गुरुजी मलाच ओरडले. "अंधारात बसलेल्या माणसाला गाव विचारू नये. तो दिव्याचं नाव सांगणार."

आकडे बाहेर पडायला वेळ लागला. ते आले तेव्हा वाडीची लोकसंख्या आधीच्यापेक्षा कमी झालेली होती, पोरं वाढलेली असताना. वेगळी ग्रामपंचायत बारगळली. खालच्या गावाला डोकी वाढल्याबद्दल एक पंच जास्त मिळाला, तो तात्याचा पुतण्या. आणि माणशी हिशेबानं त्यांच्या वाट्याला येणारा पैसा वाढला, त्यातून तात्यानं गावाच्या तोंडाशी सिमेंटची कमान बांधली. वर सुस्वागतम, दोन बाजूंना दोन कमळं. उद्घाटनाला मला बोलावलं. पेढा हातात देऊन म्हणाला, "सोपाना, तुजी मानसं म्या खाल्ली न्हाईत. नुसती खाली धरली." मी पेढा तिथंच ठेवला.

मी आजही त्या कमानीखालून जात नाही. शेजारच्या वावरातून वळसा घालतो, पावसाळ्यात चिखल तुडवत. गुरुजी मात्र मुद्दाम मधोमध जायचे, बूट गळ्यात, आणि थांबून वर बघायचे. "या ना सोपानशेठ. आपलीच आहे ही. आपल्या डोक्यांची." त्यांना खरंच गंमत वाटायची. एकदा खडू काढून सुस्वागतममधला चुकीचा दीर्घ उकार दुरुस्त केला, त्यावरून तात्याशी तिसरं भांडण.

साकव आम्हीच बांधायला लागलो. दर वैशाखात गुरुजी सगळ्या वाडीला बांबू तोडायला लावायचे. ओढ्यावर दोन लाकडं टाकून त्यांवर बांबूची ताटी बांधायची. आषाढात तो वाहून जायचा. पुढच्या वैशाखात पुन्हा. मी दरवर्षी म्हणायचो की हे मूर्खपणाचं काम आहे, आणि दरवर्षी सुंभ माझ्या दुकानातून जायचा. गुरुजी म्हणायचे, "जून महिनाभर मास्तर पोचतो, शाळा भरते. एक महिना काही वाईट नाही." मधल्या काळात भैरू शाळेत बसायला लागला. ज्याला नाव नव्हतं तोच हजेरीच्या प्रश्नाला सगळ्यात मोठ्यानं उत्तर द्यायचा. वाडीतले दिवस चांगले गेले, हे मी नाकारत नाही. भात पिकलं, गिरणी चालली, देवळाच्या पायरीवर संध्याकाळी चहा झाला. गुरुजी शेजारी असले की माणसाला चांगलं राहावंसं वाटायचं, आणि राग थोडा लांब जाऊन बसायचा.

निवृत्त झाले तो दिवस नव्या साकवाचाच होता. सुंभ अजून पिवळा होता. नारळ झाला, शाल झाली. त्यांनी उंबराखाली बूट काढले, नाडीला नाडी बांधली, गळ्यात घातले. मला म्हणाले, "पुढच्या मोजणीला मी मोजणारा नसेन. त्या दिवसांत एक रात्र येऊन झोपेन म्हणतो तुमच्याकडं."

"तुमचं घर पौडला. तुम्ही इथं धरले जाणार नाही," मी म्हटलं. नियम मीही शिकलो होतो.

"ठाऊक आहे. धरू नका. नुसतं बघायला येतो, भरतंय का."

ते साकवावर चढले. ताटी हलली. मधोमध जाऊन थांबले, वळले आणि काठावर उभ्या पोरांना नेहमीच्या आवाजात विचारलं, "आज कोण नाही ते सांगा."

सगळे हजर होते. मग भैरू म्हणाला, "उद्यापासनं तुमी न्हाई."

गुरुजी हसले, सगळेच्या सगळे. "बघून सांग," म्हणाले, "ऐकून नको." आणि पलीकडं उतरून, अनवाणी, कमानीच्या दिशेनं चालायला लागले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. थंडीत पौडहून निरोप आला.

पुढची जनगणना आता तोंडावर आली आहे. माघात वाडी पुन्हा भट्टीवर जाईल. ओढ्यावर अजून बांबूच आहे, आषाढात मास्तर पलीकडंच अडकतो, आणि भैरू अजून पावसाचे महिने घरी बसतो. ज्या साहेबानं त्या दिवशी चावडीत आमची माणसं खोडली, त्याचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याखाली सही त्याची आहे. त्यानं ओढ्याच्या काठावर यावं. तात्यालाही घेऊन यावं. आणि आषाढातल्या पाण्यासमोर उभं राहून भैरूला सांगावं की तुझ्या बारशाच्या रात्री तुझी आत्या इथं नव्हती. गुरुजींनी बघितलं होतं. तुम्ही काय बघून खोडलंत, याचं उत्तर मला पाहिजे, आणि यात मी घासाघीस करणार नाही.